कॅलेंडरवरची नात

भागीला अनाथ भूकंपानं केलं नाही, तुम्ही केलंत. भूकंपानं तिचे आईबाप नेले, पाळण्यातला भाऊ नेला, दावणीची म्हैस नेली. पण आजी तेवढी ठेवली होती. ती तुम्ही नेलीत. आणि वर हार घालून घेतलेत.

आजीचं नाव रंभाबाई. गाव लातूरकडचं, नकाशावर अजून आहे, जागेवर नाही. त्या पहाटे दगडामातीचं घर अंगावर आलं तेव्हा रंभाबाईनं नातीला पोटाखाली घेतलं. नातीला नुसतं खरचटलं, आजीची मांडी मोडली. जवानांनी दोघींना बाहेर काढलं. आजीला गाडीत घालून नेलं सोलापूरच्या दवाखान्यात आणि नात राहिली लिंबाच्या झाडाखाली, कुणीतरी दिलेला बिस्किटाचा पुडा धरून. त्याच वेळी तुमच्या संस्थेचा ट्रक आला. पुण्याकडच्या लोकांचे जुने कोट, टाय आणि लग्नातल्या जरीच्या साड्या उतरवल्यात आणि पोरं भरलीत. मोकळा ट्रक परत न्यायचा म्हणजे डिझेल वाया, नाही का?

एक म्हातारा ट्रकमागं पळत ओरडत होता, "आरं, हिची आजी जित्ती हाय! दवाखान्यात हाय!" पण तुम्ही घाईत होता. दुःख ताजं असतं तोवरच उचलावं लागतं, शिळं झालं की त्याला देणगी येत नाही.

काठी टेकत चालता यायला लागल्यावर रंभाबाई दौंडला आली, बहिणीच्या पोराकडं. हा मच्छिंद्र कुरकुंभच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं पिंपं भरायचा. खोली एक, माणसं पाच, त्यात मावशी सहावी. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. मदत म्हणतात ती ही. पण तिचा फोटो निघत नाही, म्हणून ती मोजायची नाही.

नात कुठं नेली हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ते सांगितलं कॅलेंडरनं. रंभाबाई चहापत्ती आणायला किराणा दुकानात गेली आणि भिंतीवर भागी! तेच मोठाले डोळे, तोच बिस्किटाचा पुडा. खाली छापलेलं, 'मला कुणी नाही. तुम्ही आहात ना?' रंभाबाईला वाचता येत नव्हतं. ती नुसती बघत उभी राहिली. दुकानदाराला वाटलं, म्हातारी तारीख बघतीय.

"मावशे, एकादशी परवा हाय," तो म्हणाला.

"ही माजी नात हाय," ती म्हणाली.

कॅलेंडरच्या तळाशी पत्ता होता. तुमची संस्था शिरूर तालुक्यात, केंदूरच्या पुढं माळावर. मच्छिंद्रानं पाळी बदलून घेतली, दौंडहून एस.टी., मग शिरूरहून वडापची जीप, आणि दोघं तुमच्या दारात येऊन उभे राहिले. तुम्ही पंख्याखाली बसला होता. बोललात मात्र गोड, ते नाकारून चालणार नाही.

"आजी, तुमचं पक्कं घर आहे का?"

"व्हतं की. दगडाचं पक्कं व्हतं म्हनून तर एवडी मानसं मेली."

"आत्ता कुठं राहता?"

"ह्या भाच्याकडं."

"म्हणजे तुम्ही स्वतःच निराधार. निराधाराच्या हाती अनाथ मूल कसं द्यायचं? आम्हाला मुलीचं भवितव्य बघावं लागतं."

मच्छिंद्र म्हणाला, "सायेब, घर झाल्यावर तर द्याल?"

"जरूर! आम्हाला काय ठेवून घ्यायची हौस आहे?"

रंभाबाई तशीच लंगडत गावाकडं गेली. तिथं नव्या गावठाणात घरं वाटत होते. तिथल्या साहेबानं विचारलं, "घरात माणसं किती?"

"म्या आन् नात."

"नात कुठंय?"

"शिरूरकडं, संस्थेत."

"मग ती संस्थेची झाली. तुम्ही एकट्या. घर कुटुंबाला मिळतं, एकट्याला नाही."

म्हणजे घर नाही म्हणून नात नाही आणि नात नाही म्हणून घर नाही. दोन्ही साहेब शिकलेले, दोघांचंही बरोबर. चुकली ती म्हातारी. तिनं नीट मरायला पाहिजे होतं.

तरी तुमचं मन मोठं. महिन्यातून एक रविवार भेटायची परवानगी दिलीत. अट एवढीच, देणगीदार आलेले असले तर आजी म्हणून सांगायचं नाही, ओळखीची बाई म्हणायचं. कॅलेंडर परदेशापर्यंत गेलं होतं. त्यावरच्या पोरीला एकदम आजी फुटली तर लोक काय म्हणतील!

मग भूकंपाला वर्ष झालं. तुम्ही मंडप घातलात. भूकंपग्रस्त वृद्धांना ब्लँकेटवाटप ठेवलंत; पण भूकंप तिकडं आणि मंडप इकडं, ग्रस्त वृद्ध आणायचे कुठून? तुमच्या व्यवस्थापकाला आठवलं, ती रविवारची म्हातारी आहे की! मच्छिंद्राच्या कंपनीत निरोप गेला. मावशीला घेऊन या, येण्याजाण्याचा खर्च देऊ.

रंभाबाईनं आदल्या दिवशी लुगडं धुतलं. तिला वाटलं, वर्ष झालं, आता देतील.

पाहुणे आले, स्वागत झालं, भाषणं झाली. भूकंपापेक्षा भाषणं लांबली. मग भागी माईकपुढं आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, पायात बूट. रंभाबाई खुर्चीतून अर्धी उठली. "बग, बग मच्छिंद्रा, केवडी दिसतीय! वजन धरलंय."

भागीनं हात जोडले आणि पाठ केलेलं खणखणीत म्हटलं, "पूज्य व्यासपीठ आणि माझ्या माय-बापांनो! माझं या जगात कुणीच नाही. ही संस्था माझी आई, ही संस्थाच माझा बाप."

पहिली टाळी वाजवली ती रंभाबाईनं. नात एकदाही अडखळली नव्हती ना! सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला, बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या, आणि मग शब्द तिच्या कानातून आत उतरले. हात तसेच हवेत राहिले.

"काय म्हनली रं ती?"

मच्छिंद्र खाली बघत होता. "पाठ करून घेतलंय, मावशी. पोरगी काय करंल?"

तेवढ्यात नाव पुकारलं. ब्लँकेट पाहुण्यांनी धरलं, पण फोटो चांगला यावा म्हणून द्यायला भागीलाच पुढं केलं. रंभाबाई काठी टेकत पायऱ्या चढली. भागीनं ब्लँकेट पुढं धरलं आणि म्हणाली, "आजी, घे."

निवेदकाला गहिवरून आलं. "पाहा! रक्ताचं नातं नाही, ओळख नाही, तरी ही अनाथ बालिका या वृद्धेला आजी म्हणते आहे!"

पुन्हा टाळ्या. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा हसा."

भागी ब्लँकेटाआडून कुजबुजली, "आजे, माझं चुकलं न्हाई ना? गीताबाई म्हनल्या, आजी हाय असं बोललीस तर पुन्हा झाडाखाली सोडून येतेत."

गीताबाई म्हणजे तुमच्या वसतिगृहाच्या बाई. त्या मंचाच्या कडेलाच उभ्या होत्या, डोळे पुसत.

रंभाबाईनं ब्लँकेट सोडलं. ते पाहुण्यांच्या बुटावर पडलं. तिनं भागीचं मनगट धरलं आणि काठी टेकत माईकपाशी गेली. उभ्या जन्मात ती माईकपुढं उभी राहिली नव्हती.

"ही भागी. माजी नात. हिला कुनी न्हाई, असं तुमी हिच्याच तोंडून वदवलं..."

व्यवस्थापकानं खूण केली, माईक बंद झाला. तुम्ही खुर्चीतून उठलात आणि हसत म्हणालात, "आजी दमल्यात. यांना कुणीतरी खाली घेऊन जा."

"कुणी हात लावून तर बगा!" मच्छिंद्र मांडवातून ओरडला आणि खुर्च्या बाजूला सारत पुढं आला.

रंभाबाईनं बंद माईक काठीनं दूर ढकलला. ढिगाऱ्याखालून हाक मारून मारून फाटलेला तिचा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत गेला.

"तुमी मला बोलवलं, मला आजी म्हनलं, माजा फोटू काडला. भूकंपवाली म्हातारी पायजे तवा म्या जित्ती, आन् नात मागितली की म्या मेलेली. म्या पोरीला घेऊन चालले. पर जायच्या आदी मला एवडं सांगा. हिला कुनीच न्हाई, तर मंग म्या कोन हाय? बोला! ह्या समद्यांदेखत सांगा, म्या कोन हाय?"