लाल रंग जिवंत आहे का?

सकाळी आठला धाकटी सून दोन डबे भरायची. एक स्वतःचा, एक नवऱ्याचा. नवऱ्याचा डबा ओट्यावरच राहायचा, कारण नवरा घरीच असायचा. तो थीसिस लिहीत होता. थीसिसमधलं काम धाकटी करत होती.

दोघंही एकाच सरांकडे पीएचडीला. पण घराची रीत ठरलेली. आधी मुलाची पदवी, मग सुनेचं बघू. सासऱ्यांच्या पुस्तकातली सगळी चित्रं सासूबाईंनी काढलेली, नाव मात्र एकट्या सासऱ्यांचं. "माझं काय अडलं?" त्या म्हणायच्या. "उगाच मिरवायचं कशाला?"

प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत धाकटी माणसानं बनवलेले रेणू बघायची. साखळीसारखे, आपोआप घडी घालणारे. एका टोकाला हिरवा रंग, दुसऱ्याला लाल. लेझर पडला की उलगडलेला रेणू हिरवा चमकायचा. घडी पडून टोकं जवळ आली की लाल. एकेक रेणू वेगळा बघायचा, तोही काही सेकंदच. मग तो कायमचा विझायचा. दोन वर्षांत तिनं असे नऊ हजार बघितले.

त्यात एक गोम होती. लाल रंग आधीच मेलेला असेल, तर घडी पडलेला रेणूही हिरवाच दिसतो. म्हणून ती आधी प्रत्येकावर वेगळा लाल लेझर टाकून तो रंग जिवंत आहे का ते बघायची. मेलेले बाद. कुठला बाद केला आणि का, ते फक्त तिच्या पाच वह्यांत होतं. नवऱ्याला हे सांगितलं, तेव्हा तो मोबाइलमध्ये होता.

"आकडे दे गं. पाल्हाळ नको."

तोंडी परीक्षेच्या दिवशी सरांनी तिला चहाचं बघायला सांगितलं. ती ट्रे घेऊन दारात आली, तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षक बाई विचारत होत्या, "चाळीस टक्के रेणू घडीच घालत नाहीत म्हणता. कशावरून? त्यांचा लाल रंगच मेला असेल तर?"

नवरा पाणी प्यायला. मग दाराकडे बघून म्हणाला, "अगं, सांग ना."

उत्तर एका वाक्याचं. धाकटीनं ट्रे टेबलावर ठेवला.

"मी चहा आणलाय फक्त."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मग मोजले कोणी?" बाईंनी विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली. "सगळेच्या सगळे."

"घरगुती मदत हो," सर मध्ये पडले. "नवराबायकोचं चालतंच की असं."

बाईंनी घड्याळ बघितलं. नवऱ्याला म्हणाल्या, "लाल रंग जिवंत होता याचा महिन्याभरात लेखी पुरावा द्या." आणि चहा घेतला.

घरी बातमी आधीच पोचली होती. पाचही वह्या बाथरूमच्या बादलीत, वर दगड ठेवलेला. शाईनं पाणी निळंशार.

"चारचौघांत नवऱ्याचं नाक कापतेस?" सासूबाई म्हणाल्या. "घे, आता मोज."

नवऱ्यानं बादली बघितली. "आई, पुरावा त्यातच होता गं."

"तूच म्हणालास ना, सगळं तूच केलंस? मग हिच्या वह्यांत तुझं काय होतं?"

 तो बायकोकडे वळला. "पुन्हा करशील ना? महिना आहे."

"करीन. माझ्या नावावर."

त्यानं थोबाडीत मारली. चष्मा बादलीपाशी पडला. सासूबाईंनी तो पायानं बाजूला सारला आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचं प्रयोगशाळेच्या प्रवेशाचं कार्ड बंद केलं. कारण दिलं, शिस्त. तिनं परीक्षक बाईंना पत्र लिहिलं : वह्या गेल्या, हात शाबूत आहेत, यंत्र द्या, पुन्हा मोजून दाखवते. उत्तर आलं, घरातल्या घरात मिटवा.

मग तिनं सगळी हकीकत एका कागदावर लिहिली, खाली पूर्ण नाव घातलं आणि तो कागद प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवला. सरांनी फाडला. तिनं पुन्हा लावला. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी तिच्या नावाखाली दुसऱ्या अक्षरात आणखी एक नाव होतं. पुढे लिहिलेलं, 'मीसुद्धा, तीस वर्षांपूर्वी.'

सरांनी तो कागद फाडला नाही. अक्षर त्यांच्या बायकोचं होतं.