रेमंडसाठी एक पाइंट

पबच्या काउंटरपाशी उभं राहायचं नाही, असं तिथल्या पोरीने गोड हसून सांगितलं तेव्हाच नॉर्मन हेपलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे सर, आपण टेबलावर बसा. आम्हीच येतो ना तुमच्याकडे."

"पोरी, खाणीत होतो तेव्हापासून या काउंटरला टेकून पितोय मी."

"अय्या, किती छान!" ती म्हणाली आणि त्याला टेबलाकडे घेऊन गेली. डोरीनने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "गुमान बस. ज्या कामाला आलोय ते कर."

खाण बंद पडली तरी हा पब चालू होता. पुढे तोही बंद पडला आणि कित्येक वर्षं खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या राहिल्या. आता कुणा शहरातल्या पैसेवाल्याने तो घेतला, भिंती शेवाळी रंगवल्या, साध्या 'लँटर्न'चं 'लँटर्न अँड व्हाइन' केलं. गावातल्या खाणकामगारांचे जुने फोटो शोभा म्हणून मुतारीच्या वाटेवर टांगले. त्यातल्या एका फोटोत नॉर्मनचा बाप होता. या जागेचा उंबरा ओलांडणार नाही, अशी नॉर्मनने शपथ घेतली होती. पण डोरीनला दुकानात कळलं, की रेमंड थर्लवेल रविवारी लेकीकडे कायमचा राहायला चाललाय, पार दक्षिणेच्या टोकाला, आणि त्याचं निरोपाचं जेवण शुक्रवारी इथेच आहे. तेव्हा शपथ गेली चुलीत.

रेमंड आणि नॉर्मन एकाच पाळीला खाणीत उतरत. खाण सुटल्यावर दोघांनी शेजारशेजारच्या वाफ्यांत लीक लावली. लीक म्हणजे पातीच्या कांद्याची थोरली बहीण. आमच्या भागात पुरुषमाणसं ती पोटच्या पोरांपेक्षा लाडाने वाढवतात आणि दर सप्टेंबरात पबच्या मागच्या खोलीत सगळ्यात जाड लीकची स्पर्धा भरते. एका वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी नॉर्मनची लीक कुणीतरी सुरीने चिरून टाकली. नॉर्मनने मागचापुढचा विचार न करता भरल्या पबात रेमंडकडे बोट दाखवलं. रेमंड टोपी उचलून निघून गेला. सुरी चालवणारा दुसऱ्याच गावचा निघाला, पण ते कळेपर्यंत पबला फळ्या ठोकल्या होत्या.

मग रेमंडच्या घरी जाऊन 'चुकलो' म्हणायला काय झालं होतं, असं विचारणारा माणूस आमच्या गावचा नव्हे. इथे माफी तोंडाने मागत नाहीत. ज्याला दुखावलं त्याच्या नावाने एक पाइंट बिटर, म्हणजे इकडची कडवट बिअर, सांगायची, पैसे आपण मोजायचे आणि गप्प बसायचं. त्याने प्यायली तर मिटलं. तशीच ठेवून उठला, तर नाही मिटलं. आणि जिथे चार लोकांत त्याची अब्रू काढली, तिथेच ती पाजावी लागते. नॉर्मन इतकी वर्षं त्या फळ्यांकडे बघत का झुरत होता, ते डोरीनलाच ठाऊक.

रेमंड खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर लेक-जावई-नातवंडांत बसला होता. म्हातारा फार वाळला होता. नॉर्मनला बघून त्याने मान खिडकीकडे फिरवली.

दाढी कोरलेला एक वेटर हातात पाटीसारखं यंत्र घेऊन आला. "आज आमच्याकडे खास आहे पारंपरिक लीक, निखाऱ्यावर करपवलेली."

"करपवलेली?" नॉर्मन म्हणाला. "माझ्या आईच्या हातून कधी करपली तर ती बिचारी लाजून फेकून द्यायची. तुम्ही वर पैसे मागता?"

"आम्हाला दोन मासे आण बाळा," डोरीन घाईने म्हणाली.

"आणि एक पाइंट बिटर," नॉर्मनने आवाज खाली आणला. "ती इथे नाही. तिकडे, खिडकीपाशी. रेमंड थर्लवेलला."

"खिडकीचं टेबल. झालंच समजा!" वेटरने यंत्रावर बोट आपटलं.

बिटर गेली. वेटरने ती रेमंडपुढे ठेवली. रेमंडने तिच्याकडे पाहिलं, वेटरला काहीतरी विचारलं, वेटर हसून पुढच्या टेबलाकडे पळाला. रेमंडने ग्लास बाजूला सारला.

नॉर्मनचा मासा आला तो लाकडी फळीवर, आणि बटाट्याचे काप एका खेळण्यातल्या बादलीत. एरवी त्याने त्यावरून पब डोक्यावर घेतला असता. आता त्याने त्याकडे पाहिलंही नाही. खिडकीपाशी लोक जेवले, हसले, फोटो काढले, केक कापला, आणि बिटर जिथल्या तिथे. तिच्यावरचा फेस बसला.

"नाही प्यायला," नॉर्मन म्हणाला.

"थांब जरा."

"काय थांबू? नाही म्हणजे नाही. आणि बरोबर आहे त्याचं. माझ्यासारख्याची कोण पिणार?" त्याने टोपी हातात घेतली. डोरीनला त्याचे डोळे दिसले, तिने तोंड फिरवलं.

तेवढ्यात खिडकीपाशी खुर्ची खरडली. रेमंड काठी टेकत, हातात बिलाचा कागद फडकवत सरळ त्यांच्याकडे येत होता, आणि मागून त्याची लेक "बाबा, अहो बाबा!" करत धावत होती.

"नॉर्मन हेपल!" त्याच्या आवाजाने अख्ख्या पबने माना वळवल्या. "इतकी वर्षं तोंड दाखवलं नाहीस, आणि आज माझ्या निरोपाच्या जेवणात माझ्याच बिलावर बिअर लावतोस? तो दाढीवाला आत्ता म्हणतो, तू सांगितलीस! लाज कशी वाटली नाही रे तुला?"

"तुझ्या बिलावर?" नॉर्मन ताडकन उठला. "तुझ्या बिलावर लावली यांनी? अरे, मी तुला पाजली होती ती! मी!"

रेमंड थबकला. त्याने वळून आपल्या टेबलावरच्या ग्लासाकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं.

मॅनेजर धावत आला. नवाकोरा एप्रन, पायात मोजे नाहीत. "सर, सर, अगदी मनापासून दिलगीर आहोत. यंत्रात टेबलाप्रमाणेच लागतं ना. काढून टाकली बिलातून! ती बिअर आमच्याकडून, अगदी मोफत."

"तुमच्याकडून?" नॉर्मनने फळीवर मूठ आपटली, काप उडाले. "तुम्ही कोण टिकोजीराव पाजणारे? तुम्ही याच्यावर लीक चिरल्याचा आळ घेतला होता? भरल्या पबात बोट तुम्ही दाखवलं होतं? ते मी दाखवलं होतं! चुकलो मी, तुम्ही नाही! ती बिअर माझी आहे. पैसे घ्या!"

जे शब्द आमच्या गावात कुणी उच्चारत नाही, ते त्याच्या तोंडून भर पबात निघून गेले होते. रागाच्या भरात त्याला पत्ताही नव्हता. डोरीनने मात्र तोंडावर हात ठेवला.

"पण सर, पैशांचा प्रश्नच नाही, आता ती यंत्रातून निघाली," मॅनेजर हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. नॉर्मनने खिशातून चुरगळलेली नोट काढून पुढे केली, तसा तो दोन पावलं मागे सरला. "आणि आम्ही रोख घेतच नाही."

नॉर्मनचा हात तसाच हवेत राहिला.

रेमंड मॅनेजरकडे वळला. काठी त्याने जमिनीवर एकदाच आपटली.

"घे त्याचे पैसे."

"सर, नियमाने मला..."

"पोरा, घे म्हणतोय ना त्याचे पैसे!"

मॅनेजरने मुकाट्याने नोट घेतली. रेमंड आपल्या टेबलापाशी गेला, तो कोमट, मेलेला पाइंट उचलला आणि उभ्यानेच प्यायला लागला. मध्ये लेक म्हणाली, "बाबा, गोळ्या चालू आहेत तुमच्या," पण त्याने ऐकलं नाही. तळ दिसेपर्यंत तो थांबला नाही.

"इतकी घाण बिअर मी जन्मात प्यायलो नाही," मिशी पुसत तो म्हणाला.

"घाण आहेच," नॉर्मन म्हणाला. टोपी बाजूला ठेवून तो खाली बसला. रेमंडने लेकीला हात केला, "तुम्ही व्हा पुढे," आणि डोरीनच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली.