नाडी जुळली पाहिजे

घड्याळवाल्याच्या बायकोचा ऑक्सिजन आठ वाजता शहाण्णव होता, नऊला एक्क्याऐंशी आणि सव्वानऊला त्र्याण्णव. न्यूमोनियातून उठून ती घरी आली त्याला चारच दिवस झाले होते. बोटाला लावायचं यंत्र लेकीने आणून दिलं होतं, आणि आता लेकीच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाबा, हे भंगार आहे. मी दुसरं आणते."

"थांब जरा," घड्याळवाला म्हणाला. घड्याळ बिघडलंय, घड्याळ बिघडलंय, असं म्हणत लोक चाळीस वर्षं त्याच्या दुकानात येत होते. त्यातली निम्मी घड्याळं ठणठणीत निघायची. वापरणाऱ्याचंच काहीतरी चुकलेलं असायचं.

तो बायकोसमोर स्टूल ओढून बसला. ती खिडकीपाशी उन्हात बसली होती. नुकतीच गार पाण्याने भांडी विसळून आलेली. शेजारणीची हकिगत रंगात आली होती, आणि तोंडाबरोबर हातही चालला होता, बोटावरच्या यंत्रासकट.

त्याने तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हातात घड्याळ. अर्धं मिनिट मोजलं. अडतीस ठोके, म्हणजे मिनिटाला शहात्तर. यंत्र एकशेचौदा दाखवत होतं.

"हे बघ," तो लेकीला म्हणाला, "याला नाडीच नीट सापडत नाहीये. मग याचा ऑक्सिजनचा आकडा कसा धरायचा?"

उन्हाने यंत्र फसू नये म्हणून त्याने पडदा ओढला. तिचे गारठलेले हात आपल्या हातात घेऊन चांगले चोळले. मग नखांकडे त्याचं लक्ष गेलं. घरी आल्या दिवशी लेकीने आईला हौसेने गडद रंग लावला होता.

"या बोटाचा रंग काढ."

"अहो, नऊ नखं रंगीत आणि एक भुंडं? लोक काय म्हणतील?"

"सांग, नवऱ्याने चोरला."

तिचा हात त्याने टेबलावर उशीवर ठेवला. "आता एक मिनिट हलायचं नाही. बोलायचंही नाही."

"तुम्हाला जन्मात जमलं नाही, ते या चिमट्याला जमणार!" असं म्हणून ती एकदाची गप्प बसली.

आकडे थोडे नाचले, मग थांबले. नाडी शहात्तर, ऑक्सिजन शहाण्णव. मनगटावरही शहात्तरच. लेकीने सुटकेचा निःश्वास सोडला.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हाच शिरस्ता. रोज पंच्याण्णव-शहाण्णव.

आठव्या दिवशी सकाळी नव्वद आलं.

त्याने घड्याळ हातात घेतलं. मनगट धरून मोजलं: अठ्ठ्याण्णव. यंत्रातही अठ्ठ्याण्णव. हात गरम. दुसऱ्या हाताच्या एका बोटाचा रंग काढून तिथे लावलं, पूर्ण मिनिट थांबला. पुन्हा नव्वद.

"मला काही होत नाहीये हो," ती म्हणाली. "उगाच राईचा पर्वत करू नका."

लेकही फोनवर तेच म्हणाली, "बाबा, त्या दिवसासारखंच काहीतरी असेल."

"त्या दिवशी नाडी जुळत नव्हती, आज जुळतेय. आकडा खरा आहे. गाडी घेऊन ये."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. "आजोबा, घरच्या यंत्रावर एवढा भरवसा?"

"यंत्रावर नाही, मोजण्यावर," तो म्हणाला, आणि कसं मोजलं ते सगळं सांगितलं. बाईंनी मध्येच लिहिणं थांबवलं आणि मनगटातून रक्त तपासायला घेतलं. ऑक्सिजन खरोखरच उतरला होता. छातीच्या फोटोत फुप्फुसाभोवती पाणी साचलेलं दिसलं. त्यांनी ते त्याच दुपारी काढलं.

"धाप लागायची वाट बघत बसला असता, तर जड गेलं असतं," संध्याकाळी बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "आता काळजी नाही. आत जाऊन भेटा."

तो उठला आणि भलत्याच दाराकडे वळला. दिवसभर कुठे दडून बसलेली भीती आत्ता बाहेर आली होती. लेकीने दंड धरला. त्याने रुमालाने चष्मा पुसला आणि बायकोच्या खाटेकडे निघाला.