फाटकापलीकडचा दवाखाना

मावशींनी शिलाई मशीनचं चाक तळहाताने थांबवलं, दातांनी दोरा तोडला आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या मुलांकडे पाहिलं. शाळेसमोरच्या वस्तीतली त्यांची एवढीशी खोली. सातवीची पाच मुलं आणि त्यांची टीचर आत आल्यावर दार लोटायलाही जागा उरली नव्हती.

"तुम्ही गरीब असूनही आनंदी कशा राहता?" पुढच्या मुलाने हातातल्या कागदावरून वाचलं.

टीचरचे कान तापले. पण 'प्रश्न मुलांचेच असू द्या, मध्ये पडू नका' असं तिला शाळेच्या 'सहवेदना' प्रकल्पाच्या प्रशिक्षणात बजावलं होतं.

"आनंदी आहे असं कोण म्हणालं?" मावशी म्हणाल्या.

खाटेवर पाय लांब करून बसलेले त्यांचे सासरे, आबा, हसले. त्यांच्या एका पायाला घोट्यापासून पोटरीपर्यंत पट्टी होती. "आहे हो आनंदी. चेहऱ्यावर दिसू देत नाही एवढंच. दिसलं तर गिऱ्हाईक घासाघीस करतं."

मुलं हसावं की नाही या विचारात पडली. वर्ग जिला 'प्रश्नपत्रिका' म्हणायचा, त्या मुलीने आपल्या कागदाची घडी घालून तो खिशात टाकला.

"मग तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

"तुमच्या शाळेच्या मागच्या फाटकाचा."

मावशींनी सरळच सांगितलं. दवाखाना शाळेच्या अगदी पाठीला लागून. पूर्वी वस्तीतली माणसं सकाळी शाळा भरायच्या आधी आत शिरत, मैदानाच्या कडेने जात आणि मागच्या फाटकातून बाहेर पडत. मग मुलांच्या सुरक्षेसाठी म्हणून मागच्या फाटकाला कुलूप लागलं. आता आबांना हातगाडीवर बसवायचं आणि हमरस्त्याने शाळेच्या कुंपणाला वळसा घालून न्यायचं. पायाची जखम भरत नव्हती. ड्रेसिंग चुकवून चालत नव्हतं.

पुढच्या भेटीत मुलं त्यांच्याबरोबर गेली. रस्त्याला फूटपाथ नव्हता. एक ट्रक इतक्या जवळून गेला की हातगाडी कलली आणि आबांचा पाय फळीवर आपटला. पट्टीवर लाल डाग पसरू लागला. आबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त शेजारी चालणाऱ्या मुलाचा दंड घट्ट पकडला. दवाखान्याच्या पायरीवर बसल्यावर समोर, बंद फाटकाच्या गजांमधून, शाळेचं रिकामं मैदान दिसत होतं. परतल्यावर मुलांनी त्या रस्त्याचा नकाशा काढला.

मुलांनी मुख्याध्यापिकांसमोर आपलं म्हणणं नीट मांडलं: शाळा भरण्यापूर्वी फाटक उघडावं, शिपाईकाका तेव्हा तिथेच असतात, खर्च काहीच नाही.

मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकलं आणि कौतुकही केलं. मुलं वर्गात गेल्यावर त्यांनी टीचरला थांबवून घेतलं.

"प्रकल्प सहवेदनेचा आहे. शाळेच्या कारभाराचा नाही. फाटक शाळा समितीच्या अखत्यारीत येतं."

"मग समितीला विचारू या?"

"त्यापेक्षा त्या आजोबांना चाकाची खुर्ची देऊ. प्रकल्पाच्या प्रदर्शनाच्या दिवशी, मुलांच्या हातून. फोटो छान येतील."

"मॅडम, ती खुर्ची त्याच रस्त्यावरून जाणार."

"तुम्ही फार मनाला लावून घेता."

समितीचे अध्यक्ष म्हणजे 'प्रश्नपत्रिके'चे वडील. टीचरने तिला बाजूला घेऊन विचारलं, घरी सांगितलंस का?

"सांगितलं. बाबा म्हणाले, मॅडमना विचार."

टीचर रात्रभर तळमळली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तडक मावशींकडे गेली.

"खुर्ची घेऊ नका. स्टेजवर सगळ्यांसमोर सांगा, खुर्ची नको, फाटक उघडा. मी तुमच्या बाजूने उभी राहीन."

मावशी एका बाहीची शिवण उसवत होत्या. बाही पूर्ण उसवून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"टीचर, हातगाडी शेजाऱ्याची आहे. रोज मागायला जाते तेव्हा त्याची बायको दार उघडायच्या आधी सुस्कारा सोडते. तो मला दाराबाहेर ऐकू येतो." त्यांनी बाही झटकली. "मला खुर्ची हवी आहे. तुमचा राग तुम्हीच बोलून दाखवा की. माझ्या तोंडून कशाला?"



प्रदर्शनाला पालकांची गर्दी लोटली. मुलांनी काढलेला रस्त्याचा नकाशा फळ्यावरून उतरवून तिथे हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो लावले होते. खिळे टीचरनेच ठोकले होते. अध्यक्षांनी आबांना खुर्चीत बसवलं, "माझ्या मुलीने मला गरिबी समजावून दिली," असं म्हटलं आणि रुमालाने डोळे टिपले. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

"खुर्ची मिळाली की माणूस बदलतो म्हणतात," आबा माइकवर म्हणाले. "बघू या."

सगळे दिलखुलास हसले.

पाहुणे चहाकडे वळले तशी मावशी टीचरला म्हणाल्या, "आलोच आहोत तर ड्रेसिंग करून घेते."

टीचरने स्वतः खुर्ची ढकलत मैदान ओलांडलं. पाचही मुलं मागे आली. गजांपलीकडे दवाखान्याचं उघडं दार होतं, आतल्या बाकावर बसलेली माणसंसुद्धा दिसत होती. शिपायाने नकारार्थी मान हलवली. किल्ली ऑफिसात, आणि ती मॅडमच्या सहीशिवाय मिळत नाही. टीचर चहाच्या मांडवाकडे धावत गेली. मुख्याध्यापिका पालकांच्या घोळक्यात होत्या. त्यांनी तिच्याकडे न वळताच बोट वर केलं: थांबा. टीचर थांबली. बोट काही खाली आलं नाही.

ती परतली तेव्हा मावशींनी खुर्ची वळवलेली होती. "चला. दवाखाना बंद होईल."

मुख्य फाटकातून बाहेर पडून सगळे हमरस्त्याला लागले. खुर्ची हातगाडीइतकीच जागा खात होती. मुलं कुणी न सांगता तिच्या दोन्ही बाजूंनी आणि मागून चालू लागली. प्रदर्शन आटोपून निघालेल्या गाड्या त्यांच्या मागे तुंबत गेल्या. हॉर्न वाजू लागले. नोकरीचं काय, हा विचार टीचरच्या मनात एकदा आला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

सगळ्यात पुढच्या गाडीची काच खाली झाली. अध्यक्षांनी डोकं बाहेर काढलं.

"अगं, रस्त्यात काय चाललंय हे? ये, गाडीत बस."

"आजोबांना दवाखान्यात सोडून येते, बाबा."

"कुठल्या दवाखान्यात? आपल्या शाळेच्या मागच्या?"

"हो."

"मग इकडून कशाला चाललात?"

तिने वडिलांकडे पाहिलं. मावशींनीही पाहिलं, आबांनी पाहिलं, टीचरनेही पाहिलं. मागे हॉर्न वाजतच होते. मग मुलीने खुर्चीच्या दांडीला हात लावला आणि सगळे पुन्हा चालू लागले. गाडी तशाच उघड्या काचेने, खुर्चीच्या वेगाने, त्यांच्या मागून येत राहिली.