थोडं थोडं, पण वारंवार

"साडेअडतीस," काट्याकडे बघत नर्सबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला चाळीस होतं, मास्तर. खाणं नीट चाललंय ना यांचं?"

मास्तरांनी बायकोला हाताला धरून काट्यावरून उतरवले, तिच्या स्वेटरची बटणे लावली आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. थंडी सुरू झाली तेव्हा नर्सबाईंनीच तो लिहून दिला होता. उतारवयात थंडीत भूक मंदावते, तहान तर जाणवतच नाही. म्हणून थोडे थोडे पण वारंवार द्यायचे, गरम द्यायचे. दूध, अंडे, डाळ, पालेभाजी आणि मधून मधून कोमट पाणी. प्रत्येक ओळीपुढे मास्तरांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"एक वेळ चुकवली नाही मी," ते म्हणाले. "वाटी रिकामीच परत येते."

"मग डॉक्टरांना दाखवायला हवं. सोमवारी घेऊन या."

बायको चपला शोधत राहिली.

मास्तर म्हणजे शिंपी. पन्नास वर्षे त्यांनी लोकांचे कोट बेतले आणि त्या कोटांची काजे बायकोने केली. उभ्या जन्मात त्यांनी स्वतःचा चहासुद्धा केला नव्हता. बायकोने अंथरूण धरले आणि ते स्वयंपाकघरात शिरले. पहिल्याच दिवशी दूध उतू गेले, डाळ करपली. पण हात कसबी होता, हळूहळू वळण लागले. गाजराचे तुकडे असे एकसारखे पडत, की ती पलंगावरून म्हणायची, "अहो, भाजी चिरताय की कोट बेतताय?"

मास्तर वाटी तिच्या हातात देत. दोन घास झाले की ती म्हणे, "जरा कोमट पाणी आणता?" ते लगबगीने आत जात. ती आपणहून पाणी मागते याचाच त्यांना केवढा आनंद.

दुपारी शेजारीण येऊन तिला आंघोळ घाली, कपडे धुऊन टाकी. त्या आठवड्यात मात्र शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. रविवारी सकाळी मास्तरांनी स्वतःच चादर बदलायला घेतली. भिंतीकडच्या बाजूला गादीखाली हात गेला, तर चार छोटे टॉवेल हाताला लागले, घट्ट गुंडाळलेले. त्यांनी एक उलगडला. आत चावलेले गाजर होते, अंडे होते, वाळून घट्ट झालेली डाळ होती.

"हे काय आहे?"

खुर्चीत बसलेल्या बायकोने तोंड फिरवले. मग म्हणाली, "गिळवत नाही हो. दोन महिने झाले. पातळ तेवढं उतरतं, तेही थोडंच."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही इतक्या हौसेनं करत होता. खुणा करत बसायचात. कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि शेजारणीला हे ठाऊक होतं?"

"तिला मीच शपथ घातली होती. तिच्यावर चिडू नका."

मास्तर चिडले नाहीत. टॉवेल घेऊन मोरीत गेले, नळ सोडला आणि एकेक करून धुतले. पाणी बर्फासारखे होते. टॉवेल स्वच्छ झाले तरी ते पिळत राहिले.

सोमवारी डॉक्टरांनी घसा पाहिला, तपासण्या लिहून दिल्या. त्यांचे अहवाल आल्यावर मास्तरांना एकट्याला आत बोलावले. गाठ होती, आणि ती पसरली होती.

"दोन महिन्यांपूर्वी आलो असतो तर?" मास्तरांनी विचारले.

डॉक्टरांनी अहवाल मिटून ठेवला. "आता जे उतरेल ते द्या. कशाचा आग्रह करू नका," एवढेच म्हणाले. मास्तरांना जे कळायचे ते कळले.

घरी आल्यावर त्यांनी गॅस पेटवला नाही. खिडकीतून ऊन येत होते. तिचा पलंग त्यांनी उन्हात ओढला आणि शेजारी बसून राहिले.

"काय म्हणाले डॉक्टर, ते नका सांगू," ती म्हणाली. "सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही."

"मला नको."

"माझ्यासाठी करत होता तसंच करा. आणि इथं बसून खा, माझ्यासमोर."

ते उठले. भाजी घालून मऊ भात केला, वाटीत घेतला आणि येऊन बसले. पहिला घास तोंडात फिरत राहिला, घशाखाली जाईना. ती बघत होती म्हणून त्यांनी तो गिळला. दुसरा घेतला.

तिसऱ्या घासाला त्यांच्या लक्षात आले. चमचा वर गेला, की तिचे ओठ किंचित उघडत आणि त्यांनी घास गिळला, की मिटत.

त्यांनी नजर वळवली नाही. वाटी संपेपर्यंत सावकाश खात राहिले.