चाळणीत न राहिलेलं औषध

मी चाळण. अंगभर भोकं आहेत म्हणून हसू नका. त्यांच्यामुळेच तर मला या घरात काम मिळालं.

पत्र्याचं कडं वळवून, त्यात बारीक जाळी ताणून एका कारागिरानं मला घडवलं. घरात नवी सून आली त्याच आठवड्यात मीही आले. दोघी नव्या, त्यामुळे आमचं लवकर जमलं. पीठ चाळून झालं की ती मला दोन थापट्या मारायची आणि ओट्यावर भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला अडकवायची.

पुढे तिला पोरं झाली. त्यांतला धाकटा म्हणजे चिमणा. चौथं लागलं तरी दोन वर्षांचा वाटायचा. सारखं पोट बिघडायचं. दोन घासांत तोंड फिरवायचा.

एकदा ती दळण घेऊन आली तीच लगबगीनं. "गिरणीवाला सांगत होता, आता पिठात जस्ताची पूड घालतात. पोरांची वाढ नीट होते म्हणे."

सासऱ्यांनी माझ्या कड्यावर टिचकी मारली. "हिच्या पत्र्यावर असतं तेच ना जस्त? बरं झालं. नातू गंजायचा नाही."

सुनेनं मात्र ते फार मनावर घेतलं. औषध ते, चाळल्यावर वरच राहत असणार, असं तिला वाटलं. मग माझ्यात उरलेला कोंडा ती बोटानं पुसून पुसून गोळा करायची, शिजवायची आणि फक्त चिमण्याला भरवायची. चाळलेलं पीठ बाकीच्यांना. तो थुंकायचा. ती तोंड पुसून पुन्हा घास पुढे करायची. "खा रे राजा. तुझ्या वाट्याचं कुणालासुद्धा दिलं नाही."

मला सगळं ठाऊक होतं. ती पूड पिठाबरोबर केव्हाच माझ्यातून खाली गेलेली असायची. सगळं घर औषध खात होतं, ज्याच्यासाठी आणलं तो एकटा सोडून. पण मी कशी सांगणार?

एका सकाळी दवाखान्यातली ताई घरी आली. चिमण्याची वाटी पाहून तिनं विचारलं, "हे काय देतेस गं?"

"औषध. चाळणीत वर राहतं ना, ते."

ताईनं मला उजेडाकडे धरलं. "अगं, ती पूड पिठाइतकीच बारीक. हिच्यात कशी राहील? पिठातच गेली."

सुनेनं चिमण्यापुढची वाटी बाजूला सारली. "म्हणजे मी ह्यालाच वगळलं?"

"आता तुमच्यातलंच खाऊ दे त्याला. अंगी लागायला वेळ लागेल. आणि पोट बिघडलं की घरी बसू नकोस, घेऊन ये."

सासऱ्यांनी वाटी उचलली. "हे कोंबडीला घालतो. आता घरात कुणी गंजलंच तर तीच."

डोळे पुसता पुसता सून हसली.

चिमण्याचं पोट त्यानंतरही अधूनमधून बिघडलं. पण एक दिवस ती पीठ चाळत असताना मागून आवाज आला, "आई, अजून दे." तिचे हात थांबले. मीही तिच्या हातांत तशीच थांबले.

आता माझी जाळी एका बाजूनं उसवली आहे. परवा नवी चाळण आली. "थांब, जुनी मी काढते," ती म्हणाली, तोवर चिमण्यानं टाचा उंचावून मला स्वतःच खिळ्यावरून उतरवलं.

मला खुशाल भंगारात द्या. खिळा तेवढा तिथून हलवू नका. एक दिवस नवी काढताना त्याला टाचा उचलाव्या लागणार नाहीत.