आईने कापलेले गुण

माझ्या नाकावर राग असतो असं घरात सगळे म्हणतात. असतोच. पण त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती लावली माझ्या सख्ख्या आईने.

कॉलेजच्या प्रवेश खिडकीशी आम्ही दोघी उभ्या होतो. आतल्या कारकुनाने माझा अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा वाचला.

"घरी शिकलेली मुलगी ना? अंतर्गत गुण कोणी दिले?"

"मी," आई म्हणाली. "मीच तिची शिक्षिका."

"गणिताला एकसष्ट? अहो बाई, गणित विभागाला पंचाहत्तर लागतात. शाळावाले पोरांना नव्वदच्या खाली उतरू देत नाहीत आणि तुम्ही पोटच्या पोरीला एकसष्ट देता? वैरबिर आहे की काय?"

मागे रांगेत कोणीतरी फिदीफिदी हसलं. आई ताठ उभी. "जे आहेत ते आहेत," म्हणाली.

माणूस तसा बरा होता. त्याने सांगितलं, आज दुरुस्तीचा शेवटचा दिवस. तपासण्यात चूक झाली असेल तर दोन वर्षांच्या उत्तरपत्रिकांसकट नवा तक्ता चारच्या आत आणून द्या. नाहीतर अर्ज बाद, भेटू पुढच्या वर्षी. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

घरापर्यंत मी आईच्या चार पावलं पुढे चालत राहिले. घरात पाऊल टाकल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सोडला.

"लिही ऐंशी! एवढंच तर लिहायचंय!"

"खोटं लिहिणार नाही."

"सत्याचा पुतळा! तुझ्या सत्यापायी माझं वर्ष जाणार!"

"जाऊ दे. खोट्यावर मिळवलेलं नाही टिकत."

आता हिची ओळख करून देते. माझी आई छापखान्याची प्रुफं तपासते. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती प्रुफं घेऊन बसायची, दुसऱ्या टोकाला मी. तिच्या लाल पेनाखालून स्वल्पविराम सुटत नाही, मी कुठली सुटणार! तिसरीत असताना बाईंना एकच प्रश्न दोनदा विचारला म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आईने त्याच दिवशी हाताला धरून मला घरी आणलं, ते कायमचं. नऊ वर्षं तिने शिकवलं. त्या नऊ वर्षांत पासष्टच्या वर एकदाही दिले नाहीत. आणि मला तर गणिताशिवाय दुसरं काही शिकायचंच नव्हतं. लोक गोष्टींची पुस्तकं लपवून वाचतात, मी गणितं लपवून सोडवायचे. आपण मुळात ढ, पण हौस दांडगी, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

मी कपाटावरचा खोका खाली ओढला. दोन वर्षांत गणिताचे सहा मोठे पेपर झाले होते. त्यातला वरचाच काढून तिच्यापुढे आपटला आणि हातात हिरवं पेन दिलं.

"खोटं नको लिहूस. परत तपास. हा पेपर तुझ्या मुलीचा नाही. दुसऱ्या गल्लीतल्या कुठल्यातरी मुलीचा आहे, जिचं तोंडही तू बघितलेलं नाहीस. घे."

तिने घेतला. आव्हान दिलं की ती मागे हटत नाही, माझी आईच ती. एक प्रश्न झाला, दोन झाले. चौथ्यावर पेन थांबलं.

"का थांबलीस? उत्तर चुकलंय?"

"नाही."

"रीत?"

"बरोबर आहे."

"मग चार कशाचे कापलेस?"

ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी तू मला उलट बोलली होतीस."

"भूमितीच्या पेपरात उलट बोलल्याचे चार?"

पुढच्या प्रश्नाचे पाच कोपर टेबलावर टेकून बसल्याबद्दल गेले होते. त्यापुढचे सहा उशिरा उठल्याबद्दल. अक्षराचे दोन, सुस्कारा टाकल्याचे तीन. सुस्काऱ्याचे! मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटच्या पानावर आठ कापले होते आणि तिथे साधी खूणसुद्धा नव्हती.

"हे आठ?"

"सकाळी तुझ्या बाबांशी वाजलं होतं माझं," ती म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता.

बेरीज ब्याण्णव आली. तिने ती दोनदा करून बघितली.

"कमी दिले की तू जोर लावशील असं वाटलं मला," ती म्हणाली.

"वाटलं? नऊ वर्षं मी स्वतःला ढ समजत आले! प्रश्न विचारला म्हणून बाहेर उभं करणाऱ्या बाईंना तू वाईट म्हणालीस ना? त्यांनी तास संपल्यावर आत तरी घेतलं असतं. आई, कुंपणानेच शेत खाल्लं गं!"

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. तिने मला जवळ घ्यायला हात पुढे केला. मी झटकला. "उरलेले तपास," म्हटलं. "चारच्या आत पोचायचंय."

सहा पेपरांची सरासरी एक्क्याण्णव निघाली. नवा तक्ता घेऊन आम्ही धापा टाकत खिडकीशी पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. कारकुनाने दुरुस्तीचा कागद पुढे सरकवला. त्यात गुण बदलण्याचं कारण लिहायचं होतं.

"बेरजेची चूक, असं लिहा," त्याने सुचवलं. "सगळे तेच लिहितात."

आईही तेच लिहिणार, मला वाटलं. सोपं होतं, आणि रांगेत लोकही होते. आईने पेन उचललं आणि तिच्या त्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलं: 'तपासणारीने घरातला राग मुलीच्या पेपरावर काढला. उत्तरं बरोबर होती.' खाली सही केली.

कारकुनाने तो कागद दोनदा वाचला. "बाई, वर साहेब विचारतील. तुमची शोभा होईल."

"होऊ दे."

त्याने उत्तरपत्रिका चाळल्या. एका पानावर थांबला, चष्मा खाली घेतला, बोट ठेवत ओळी वाचल्या. मग शिक्का उमटवून माझ्याकडे बघितलं.

"पंचाहत्तरच्या वर, कागद पुरे. जागा मिळाली समज. आणि पोरी, हे फार सुंदर सोडवलंयस गं."

नऊ वर्षांत हे मला कोणीच म्हणालं नव्हतं. मी वळून आईकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. असू दे गं, असं म्हणायला हवं होतं बहुतेक. मी नाही म्हणाले.